आधी ताण काढा, मग किल्ली फिरवा

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी इतिहास, संतवाङ्मय, आरोग्य अशा विषयांवर जाणकार मंडळी बोलतात. यंदा आपल्या कार्यवाहांनी मला सांगितलं, "तुम्ही मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे, रोजच्या उपयोगाचं काहीतरी बोला." मी विषय कळवला, 'गाडीत अडकलेली किल्ली'. ते जरा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "वीस मिनिटं जातील ना त्यावर?" जातील. उलट कमी पडतील.

किल्ली म्हणा, चावी म्हणा, आपल्या बुऱ्हाणपुरात चाबी म्हणा, हा विषय या गावाला नवा नाही. इथून वीसेक किलोमीटरवर असीरगड उभा आहे. त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. १६०१ साली तो अकबराच्या हाती आला, आणि तोफांनी जे साधलं नाही ते सोन्याच्या किल्लीने, म्हणजे आतल्या लोकांना पैसे चारून साधलं, असं सांगतात. बादशहाकडे सोन्याची किल्ली होती. आपल्याकडे साधी असते, आणि ती नेमकी घाईच्या वेळी अडकते.

हा विषय मी का निवडला, ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. श्रावणातली रात्र, बाहेर झड लागलेली. दोन वाजता आईने हाक मारली. नाना, म्हणजे माझे वडील, पलंगावर उठून बसले होते. अंगाला दरदरून घाम, छातीवर हात. मी गाडीची किल्ली घेतली आणि खाली धावलो. जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीची रुंदी तुम्हाला माहीत आहे. समोरून दुसरी गाडी निघावी म्हणून मी आमची गाडी नेहमी ओट्याला अगदी खेटून लावत असे. त्या रात्रीही पुढचं चाक ओट्याच्या दगडाला दाबून उभं होतं.

किल्ली आत गेली, पण फिरेना. मी काढून पुन्हा घातली. उलटी करून घातली. मग जोर लावला. मग घरातून पक्कड आणली आणि किल्लीचं डोकं पकडीत धरून पिळलं. किल्ली तुटली. अर्धी माझ्या हातात, अर्धी आत.

शेवटी समोरचे चाचा उठले. त्यांचे पॉवरलूम आहेत आणि कापडाच्या गठाणी नेणारी लोडिंग रिक्षा आहे. त्या रिक्षात गठाणींवर नानांना आडवं करून, वर मेणकापड धरून आम्ही दवाखाना गाठला. किल्ली फिरत नाही हे लक्षात आल्यापासून तिथे पोचेपर्यंत पाऊण तास गेला होता. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं."

नाना वाचले. पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला. पुढे चार वर्षं ते आमच्यात होते, मात्र पहाटे चालत राजघाटावर जाऊन तापीचं दर्शन घ्यायचा त्यांचा नेम सुटला तो सुटलाच.

दुसऱ्या दिवशी मी चाबीवाल्याला घरी आणलं. त्याने बारीक आकड्याने आतला तुकडा अलगद बाहेर काढला. दोन्ही तुकडे जोडून, बघून नवी किल्ली कापली. गाडीत बसला. मला वाटलं, आता हा कुलूप उघडून खोलेल. त्याने डाव्या हाताने स्टिअरिंग जरासं एका बाजूला ओढून धरलं आणि उजव्या हाताने दोन बोटांनी किल्ली फिरवली. फिरली. मला म्हणाला, "भैया, चाबी खराब नहीं थी, ताला भी खराब नहीं था. पहिया दबा हुआ था."

पाच सेकंदांचं काम होतं. डिप्लोमाच्या परीक्षेत मी यंत्रांची चित्रं काढून चांगले मार्क मिळवले होते. स्वतःच्या गाडीत मात्र मी पक्कड घेऊन बसलो होतो. म्हणून आज बोलतो आहे.

आता आत काय असतं ते समजून घेऊ. कुलपाच्या आत एक गोल दांडी असते, तिला सिलिंडर म्हणतात. त्यात छोट्या स्प्रिंगांवर बसवलेल्या पातळ पितळी पत्त्या असतात. किल्ली नसताना या पत्त्या बाहेर डोकावतात आणि सिलिंडरला फिरू देत नाहीत. किल्लीवरचे खाचखळगे प्रत्येक पत्तीला नेमकं हवं तेवढं सरकवतात. सगळ्या पत्त्या सिलिंडरच्या काठाशी सपाट झाल्या की ते फिरतं. प्राचीन इजिप्तमधल्या लाकडी कुलपांतही असेच सरकणारे खिळे होते. युक्ती तितकी जुनी आहे.

पूर्वी मोटारीत इंजिन चालू करायला वेगळं बटण किंवा पायाशी खटका असे. किल्ली फिरवून इंजिन सुरू करायची सोय १९४९ च्या सुमारास अमेरिकेत क्रायसलरच्या गाड्यांत आली. आपल्याकडे १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हातात दिली आणि मध्यमवर्गाच्या घरात खुंटीवर मोटारीची किल्ली दिसू लागली. पण त्या किल्लीबरोबर कुलपाची माहिती कुणी दिली नाही.

या कुलपाला आणखी एक जोडीदार असतो, तो म्हणजे स्टिअरिंग लॉक. किल्ली काढून घेतली की एक पोलादी खुंटी स्टिअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत बसते. चोराला गाडी वळवता येऊ नये म्हणून ही सोय. पण चाक दगडाला, फुटपाथला किंवा खड्ड्याच्या कडेला दाबलेलं असेल, तर तो सगळा ताण दांड्यातून त्या खुंटीवर येतो. खुंटी खाचेच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि किल्ली फिरत नाही.

माझ्या माता-भगिनींना हे समजावून सांगायची गरज नाही. पावसाळ्यात दार फुगतं, कडी निघत नाही. तुम्ही काय करता? कडीवर हातोडा मारत नाही. दार थोडं आपल्याकडे ओढता, कडी ढिली होते आणि बोटाने सरकते. गाडीतही तेच. स्टिअरिंग एका बाजूला अजिबात हलणार नाही, दुसऱ्या बाजूला किंचित हलेल. ज्या बाजूला हलतं त्या बाजूला ओढून धरा आणि तेवढ्यात किल्ली हलक्या हाताने फिरवा.

किल्ली फिरते पण बाहेर निघत नाही, ही दुसरी तक्रार. किल्ली फक्त 'लॉक'च्या जागीच निघते. बऱ्याच गाड्यांत 'एसीसी'वरून 'लॉक'वर नेताना किल्ली आत दाबून फिरवावी लागते. आपण घाईत अर्धवट फिरवतो आणि ओढत बसतो. इथेही स्टिअरिंग थोडं हलवून पाहा. गाडी ऑटोमॅटिक असेल तर गिअर पूर्णपणे 'पी'वर आहे का ते बघा. 'पी'जवळ आणि 'पी'वर यात फरक आहे. काही गाड्यांत बॅटरी उतरली तरी किल्ली सुटत नाही. विसर्जनाच्या दिवशी गाडी उभी करून तासन्‌तास गाणी लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तिसरी तक्रार, किल्ली आत जाताना-येताना रुतते. याचं कारण मळ. आपलं गाव लूमचं. हवेत कापसाचं तूस, रस्त्यावर धूळ, उन्हाळ्यात हाताला घाम. किल्ली खिशात फिरते आणि हे सगळं कुलपात पोचवते. मग आपण काय करतो? त्यात खोबरेल तेल सोडतो! चार दिवस छान वाटतं, नंतर तेलाला तूस चिकटून त्याचा चिखल होतो. त्याऐवजी ग्राफाइटची कोरडी पावडर चिमूटभर वापरा. तीही नसेल तर मुलांच्या दप्तरातली पेन्सिल घ्या. पेन्सिलीच्या शिशातही ग्राफाइटच असतं. किल्ली कोरड्या फडक्याने पुसा, दोन्ही बाजूंना पेन्सिल घासा, चार-पाच वेळा आत-बाहेर करा, पुन्हा पुसा.

किल्ली झिजलेली असेल तर पेन्सिलही उपयोगाची नाही. तेव्हा नवी किल्ली करून घ्या, पण झिजलेल्या किल्लीवरून नव्हे. नकलेची नक्कल केली तर झीजही तिच्यात उतरते. घरात ठेवलेली दुसरी, कमी वापरलेली मूळ किल्ली चाबीवाल्याला द्या. नव्या गाड्यांच्या किल्लीत चिप असते, ती हातोडीने ठोकू नका.

चौथी गोष्ट धोक्याची. इंजिन सुरू झाल्यावर हात सोडला की किल्ली आपोआप मागे यायला हवी. ती 'स्टार्ट'वरच अडकली तर स्टार्टर फिरत राहतो, घरघर येते, जळका वास येतो. ताबडतोब किल्ली हाताने मागे आणा आणि गाडी बंद करा. नाहीच झालं तर बॉनेट उघडून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. बहुतेक गाड्यांत तो नट १० नंबरच्या पान्याने सुटतो. हा एक पाना गाडीत ठेवा. आणि चालत्या गाडीत किल्लीला हात लावू नका. ती चुकून पूर्ण मागे गेली तर स्टिअरिंग बंद होऊ शकतं.

आता आपल्या किल्ल्यांचे जुडगे बघा. घराची, कपाटाची, दुकानाची, मंडळाच्या स्टोअरची किल्ली आणि वर देवाचं पितळी पदक. हे सगळं वजन दिवसभर त्या कुलपावर लोंबकळतं. याचा परिणाम किती मोठा होऊ शकतो, ते २०१४ साली अमेरिकेत दिसलं. जनरल मोटर्सच्या सुमारे २६ लाख गाड्यांतला इग्निशन स्विच जरुरीपेक्षा ढिला होता. जड जुडग्याने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने किल्ली चालत्या गाडीत मागे सरकायची. इंजिन बंद, स्टिअरिंग जड आणि ऐन अपघातात एअरबॅगही उघडायची नाही. भरपाईच्या निधीने १२४ मृत्यू या दोषामुळे झाल्याचं मान्य केलं. दोष कंपनीचा होता, पण गाडी दुरुस्त होईपर्यंत मालकांना पहिली सूचना हीच होती की जुडग्यातून बाकी सगळं काढा आणि फक्त गाडीची किल्ली वापरा. आपणही तेच करू या. देवाचं पदक देव्हाऱ्यात शोभतं.

शेवटी परत त्या रात्रीकडे येतो. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी मी नानांना चाबीवाल्याचं बोलणं सांगितलं. नानांचं आयुष्य ताप्ती मिलमध्ये गेलं होतं. ते पडल्या पडल्या हसले आणि म्हणाले, "अरे, सूत अडकलं की ओढायचं नसतं. आधी ताण काढायचा, मग गाठ आपोआप दिसते. हे तुला कॉलेजात नाही शिकवलं?" नाही शिकवलं नाना. किंवा शिकवलं असेल, मी फक्त परीक्षेपुरतं घेतलं असेल.

आणि दुसरी चूक, जी किल्लीपेक्षा मोठी होती. त्या पाऊण तासात मी १०८ ला फोन केलाच नाही. गाडी आपली आहे म्हणजे आपणच न्यायचं, हेच डोक्यात. म्हणून हात जोडून सांगतो, घरात कुणाच्या छातीत दुखू लागलं तर आधी १०८ लावा, शेजाऱ्याला हाक मारा, आणि मग किल्ली शोधा. एका मिनिटात ती फिरली नाही तर तिला सोडून द्या. माणूस थांबू शकत नाही, गाडी थांबू शकते.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. घरातल्या प्रत्येकाला, गाडी न चालवणाऱ्यालासुद्धा, शेजारी बसवून स्टिअरिंग हलवत किल्ली फिरवायला शिकवा. दुसरी किल्ली कुठे आहे ते सगळ्यांना सांगा. आणि गाडी लावताना चाक ओट्याला दाबू नका, चार बोटं जागा सोडा. मीही आता सोडतो. समोरचे चाचा रोज बघतात आणि काही बोलत नाहीत.

विघ्नहर्ता विघ्न हरतोच, पण चार बोटं जागा आपण सोडावी लागते.

गणपती बाप्पा मोरया!