वीतभर जागा
(तरडगाव मुक्कामी, दिंडीच्या तळावर झालेल्या प्रवचनाचा मजकूर)



जेवणं झाली, भांड्यांचा आवाज थांबला, आता दोन शब्द बोलायला हरकत नाही. आजची चाल तशी थोडी होती. लोणंदहून निघालो, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, अश्व धावताना पाहून डोळे भरले आणि उजेड आहे तोवर तळावर आलो. पाय फारसे दुखत नाहीत. आणि पाय दुखत नसले की काय होतं? भांडणं होतात!

संध्याकाळी तीन नंबरच्या तंबूत जे झालं ते साऱ्यांनी ऐकलं. एकाची पथारी दुसऱ्याच्या पथारीवर वीतभर सरकली. वीतभर! दिवसभर ज्या तोंडानं माऊलीचं नाव घेतलं, त्याच तोंडानं... जाऊ द्या. नावं घेत नाही. दोघंही इथंच बसलेत आणि हसतायत, म्हणजे राग गेला. त्यांना उपदेश करायला आम्ही उभे नाही. तो अधिकारच आमचा नाही. का नाही, ते सांगतो.

वारीला येताना आपण सगळेच काही ना काही मागणं घेऊन येतो. नातवाला नोकरी लागू दे, लेकीचं जमू दे, कांद्याला भाव मिळू दे, बोअरला पाणी लागू दे. त्यात वावगं काही नाही. बी, खत, मजुरी ज्यानं उधारीवर घातली त्याला ‘भावाची आशा धरू नकोस’ असं सांगणारा बहुधा पगारी असतो. भाव पडला तर शेतकरी हळहळतो, दोन दिवस जेवत नाही आणि पुढच्या हंगामाला पुन्हा पेरतो. त्या दुःखातून माणूस उठतो. पण ‘माझं होतं ते त्यानं घेतलं’ ही सल काही वेगळी आहे. ती आत बसली की पाऊस पडला तरी सुख नाही आणि पीक आलं तरी सुख नाही.

आम्ही दोघे भाऊ. वडिलांच्या माघारी वाटणी झाली, मधे बांध. दादाचा नांगर दर साली बांध थोडा थोडा कोरायचा. आम्हाला दिसायचं, पण आषाढ आला की दोघंही दिंडीत. इथं चालता चालता ते इतकं मोठं वाटायचं नाही. मग 2020 साल आलं. त्या वर्षी पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या आणि आपण सगळे घरी बसलो. आम्ही काय केलं? रोज सकाळी बांधावर जाऊन उभे राहिलो. दुसरं कामच नव्हतं! बघता बघता डोक्यात एवढा एक बांधच उरला.

फी भरली, सरकारी मोजणी आणली. दीड हात आमचा निघाला. खुणा पुरल्या, पंचनामा झाला, आम्ही जिंकलो. त्या रात्री झोप लागेल असं वाटलं होतं. नाही लागली. दादानं बोलणं टाकलं. आणि ज्या वहिनीनं आम्हाला लहानपणी न्हाऊ घातलं, तिनं पाणवठ्यावर तोंड फिरवलं. मोजणी खरी होती हो. आजही खरीच आहे. पण खऱ्याचा आम्हाला काही उपयोग होईना.

2022 ला वारी पुन्हा निघाली. दादा पुढच्या रांगेत टाळ घेऊन, आम्ही मागच्या रांगेत. नजरेला नजर नाही. एका मुक्कामी समाज आरतीला उभे होतो. तुम्हाला ठाऊकच आहे, चोपदार दंड उंच करतात आणि एवढ्या समुदायात एकदम शांतता होते. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. त्यांना कोणी ‘गप बसा’ म्हणत नाही. आधी त्यांचं म्हणणं ऐकून घेतात, मग टाळ थांबतो. मग हरवलं-सापडलं पुकारतात. कोणाचा चष्मा, कोणाची पिशवी.

त्या दिवशी एका दिंडीचा टाळ असाच वाजत राहिला आणि मग थांबला. आमच्या मनात आलं, आपणही दोन वर्षं टाळ वाजवतोय, पण कोणापुढं? तलाठ्याकडं गेलो, मोजणीदाराकडं गेलो, पारावर चार लोकांत बोललो. दादासमोर बसून एकदाही म्हटलं नाही की, दादा, मला वाईट वाटलं.

कीर्तनात आपण ऐकतो, तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. ऐकताना वाटतं, वा, काय वैराग्य! पण महिपतीबुवांनी सांगितलेली ती हकिकत नीट आठवा. 1629-30 चा दुष्काळ. व्यापार बसला, पहिली पत्नी गेली, मुलगा संतू गेला. घरात सावकारी होती, लोकांकडून येणं होतं. ते येणं ज्यांच्याकडं होतं तेही त्याच दुष्काळात होरपळलेले. तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. एक धाकट्या भावाला, कान्होबांना दिला आणि आपला तेवढा बुडवला. भावाच्या वाट्याला हात लावला नाही. त्याला त्याचा संसार करायचा होता. सोडायचं ते आपलं. दुसऱ्यानं काय सोडावं हे तुकोबा ठरवायला गेले नाहीत.

(आणि जिजाईला हसू नका. आम्ही बुवा लोक तिला फार हसवतो. घरात दाणा नसताना जी चिडली आणि तरी भंडाऱ्यावर भाकरी घेऊन गेली, तिच्यावर विनोद करणं सोपं आहे.)

त्याच रात्री दादाच्या पथारीपाशी गेलो. म्हटलं, “दादा, मला लई वाईट वाटलं होतं. आता ती पट्टी तू पेर.” आम्हाला वाटलं, दादा गळ्यात पडेल. दादा म्हणाला, “मला तुझी भीक नको.” आणि कूस बदलली.

बरोबरच होतं त्याचं. सोडतानासुद्धा आम्ही मोठेपणा मिरवत होतो. सोडलं म्हणायचं आणि त्यानं आभार मानावेत म्हणून वाट बघायची, हे कसलं सोडणं? पुढं वर्षभर तो बोलला नाही. आम्ही फक्त एवढं केलं, बांधावर जाऊन उभं राहणं बंद केलं. एकदा वहिनीनं निरोप धाडला, कुळीथ झालेत, घेऊन जा. तिथून सुरू झालं.

ती पट्टी आज कोणीच पेरत नाही. तिथं गवत माजतं. वहिनी कापते, आमची सूनही कापते. सुखी झालो का? रोज नाही. दुकानाची उधारी आहे, गुडघा दुखतोय, धाकट्याचं अजून जमलेलं नाही. पण पाठ टेकली की झोप लागते.

बरं, उशीर झाला. पहाटे उठून फलटणची वाट धरायची आहे, ट्रक अंधारातच भरायचा आहे. तीन नंबरच्या मंडळींनी आता सरकून झोपा. दादा घोरतो, म्हणून त्याच्या शेजारी कोणी पथारी टाकत नाही. ती जागा आमची.

रामकृष्ण हरि.