‘न्यार्तवर’ : एका आयरिश विशेषणाचे कूळ
आयरिश भाषेत बलवान या अर्थी ‘न्यार्तवर’ असे एक विशेषण आहे. ते कानी पडताच मराठी माणसाला ‘जोरावर’ आठवावा आणि दोन्ही शब्द एकाच घरचे वाटावेत, हे स्वाभाविक आहे. परंतु हे साम्य फसवे होय. ‘जोरावर’ आपल्याकडे फारसीतून आला. आयरिशातील ‘वर’ हा ‘मोर’ म्हणजे मोठा या अर्थाच्या शब्दाचा झिजलेला अवशेष आहे. आपल्या पक्ष्याशी त्याचा अर्थातच संबंध नाही. लिहिताना तेथे ‘म’पुढे ‘ह’ घालतात, उच्चार मात्र ‘व’ असा करतात.

खरे नाते आहे ते पूर्वपदात. ‘न्यार्त’ म्हणजे बळ. वेल्श भाषेत तेच ‘नेर्थ’. ज्या प्राचीन धातूपासून संस्कृतातील ‘नृ’, ‘नर’ आणि ऋग्वेदातील पौरुषवाचक ‘नृम्ण’ हे शब्द आले, त्याच धातूचे हे पश्चिमेकडील अपत्य. दिसते ते परके, आणि असते ते सख्खे!

आयरिशात विशेषण नामामागून येते. ‘फ्यार न्यार्तवर’ म्हणजे बलवान पुरुष. आणि हा ‘फ्यार’ तर संस्कृत ‘वीर’ शब्दाचा भाऊच. अनेक पुरुष असले की ‘फिर न्यार्तवरा’ म्हणावे लागते. मराठी ‘बलवान’ अशा वेळी जागचा हलत नाही. अधिक बलवान म्हणायचे तर ‘नीस न्यार्तवरे’.

नित्याच्या बोलण्यात मात्र ‘लादिर’ हा दुसराच शब्द अधिक चालतो. कडक चहालाही आयरिश माणूस तोच लावतो.