भोपळा कधी सोडायचा?

नर्सिंगच्या वेळापत्रकात हल्ली सेल्फ स्टडीचा तास असतो. मुलींना ग्रंथालयात धाडायचे, सगळ्यांना एकच विषय द्यायचा आणि आठवड्याने सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेला तोच केअर प्लॅन सर्वांच्या वहीत तपासायचा. याला स्वयं-अध्ययन म्हणणे मला तरी जमत नाही. शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी स्वयं-अध्ययनावरच्या १९७५ च्या पुस्तकात पहिली पायरी सांगितली ती अशी, की आपल्याला काय येत नाही हे शिकणाऱ्याने स्वतः ओळखायचे. उद्दिष्ट, साधने, पद्धत, पारख हे सगळे त्यानंतर. आणि तेही दुसऱ्याच्या मदतीने किंवा मदतीशिवाय. त्यातले ‘मदतीने’ आपण वाचतच नाही.

पाठांतर टिकत नाही, याचे उदाहरण हृदय बंद पडलेल्या रुग्णाचे. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छातीवर दाब हा क्रम २०१० साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने बदलला आणि छातीवरचा दाब आधी आणला. २००९ ची अव्वल विद्यार्थिनी वर्षभरात मागे पडली! इन्सुलिनचेही तसेच. आपल्याकडच्या साध्या कुपीत बहुधा मिलीलिटरला ४० युनिट असतात; ते मिलीलिटरला १०० युनिटच्या खुणा असलेल्या सिरिंजने मोजले तर डोस निम्म्याहून कमी जातो. ट्रेपाशी उभे असताना “ही सिरिंज कितीची?” असे मुलीच्याच मनात यायला हवे. प्रश्न तिचा हवा, हे मी पुन्हा सांगतो आहे, कारण नेमके तेच निसटते.

कुणी म्हणेल, मुलींना स्वतःहून शिकू देऊन रुग्णाच्या जिवाशी खेळ कशाला? अहो, विहिरीत पोहायला शिकवतात तेव्हा पाठीला भोपळा बांधतात. तो कायमचा बांधून ठेवला तर पोहणे येत नाही. पहिल्याच दिवशी काढला तर पोर बुडते. भोपळा सुटला तरी शिकवणारा काठावरून हलत नाही, वेळ पडली तर अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारतो. वॉर्डातल्या ट्यूटरचे काम तेच, आणि एका ट्यूटरमागे मुली फार असल्या की ते होत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजी पुस्तके जड जातात, हेही खरे. पण तिला प्रश्न मराठीत विचारू द्यायला काय हरकत आहे? उत्तर इंग्रजीत शोधायला मग ट्यूटरने हात द्यावा.

राहिला गुणांचा मुद्दा. पहिल्या वर्षी उत्तराऐवजी प्रश्नाला गुण द्यावेत असे माझे मत आहे. ते कसे मोजायचे, हे मात्र आता सांगत बसलो तर पुढचा कार्यक्रम अडेल.