काळ्या डोक्याचा कुरव

फाल्गुन सरत आला, पळस-पांगारा झडूं लागला, म्हणजे ठाण्याच्या खाडीवर निघण्याची लगबग सुरू होते. हिवाळाभर तेथें मुक्काम केलेलीं पांखरें उत्तरेची वाट धरूं लागतात. पक्षी ओळखण्याचा नुकताच नाद लागलेल्या माणसाची खरी परीक्षा होते ती याच दिवसांत.

डोंबिवलीहून रोज मुंबईस कचेरींत जाणारा एखादा कारकून घ्या. त्याच्यापाशीं एक जुनी दुर्बीण, एक चित्रांचें पुस्तक आणि एक वही. आठवडाभर गाडीच्या खिडकींतून बगळे मोजावे आणि रविवारीं ऐरोलीच्या बाजूस खाडीवर जावें, हा त्याचा क्रम. रोहित पक्षी पाहण्यास तेथें पुष्कळ मंडळी लोटतात. परंतु गुलाबी रंगाचा, उंच पायांचा, वांकड्या चोंचीचा हा पक्षी लहान मूलही ओळखील. त्यांत शिकण्यासारखें थोडें. आपल्या या कारकुनाला अडवलें तें साध्या पांढऱ्या कुरवानें.

पुस्तकांत नांव ‘काळ्या डोक्याचा कुरव’, चित्रांतही डोकें काळें. समोर पाण्यावर तरंगणाऱ्या पक्ष्याचें डोकें मात्र पांढरें स्वच्छ. डोळ्यामागें शाईचा थेंब पडावा तसा एक काळसर ठिपका, एवढेंच. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. वहींत ‘अनोळखी’ हाच शब्द. मग मार्चमधल्या एका रविवारीं थव्यांतल्या कित्येक पक्ष्यांचीं डोकीं काळीं! त्यानें आनंदानें लिहिलें: ‘आज नवे पक्षी आले.’

तें चुकलें होतें. नवें कोणीच आलें नव्हतें. जुन्यांनींच पिसें बदललीं होतीं. दिवस मोठा होऊं लागला, शरीरांतलें वर्षाचें घड्याळ पुढें सरकलें, कीं डोक्यावरचीं पांढरीं पिसें गळून गडद पिसें येतात. हा वेष विणीसाठीं. निको टिंबर्गेन या शास्त्रज्ञानें या कुरवांचें वर्तन बारकाईनें अभ्यासिलें; त्याला १९७३ सालीं नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. जोडी जमवितांना हे पक्षी एकमेकांपासून तोंड फिरवून तो काळा चेहरा लपवितात. चेहरा दाखविणें म्हणजे धमकी, फिरविणें म्हणजे सलोखा.

एवढ्यावर भागत नाहीं. ‘काळें’ म्हटलेलें डोकें वस्तुतः गडद तपकिरी असतें आणि याच खाडींत ‘तपकिरी डोक्याचा कुरव’ म्हणून दुसरी जातही असते! नांवें ठेवणाऱ्यांनीं शिकाऊ माणसाचा विचार केलेला दिसत नाहीं. अशा वेळीं डोकें सोडून डोळा पाहावा. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाचा डोळा फिकट, पंखांचीं टोकें काळीं व त्यांत पांढरे ठिपके. दुसऱ्याचा डोळा काळसर आणि उडतांना पंखाची पुढची कड पांढरी. पहिला लडाख-तिबेटांतल्या उंच सरोवरांकडे परततो; दुसऱ्याचीं घरटीं युरोपापासून उत्तर आशियापर्यंत पसरलेलीं. नावेंतून फरसाण उधळणाऱ्यांभोवतीं दोघेही घिरट्या घालतात. फरसाण हें त्यांचें अन्न नव्हे, हें निराळें सांगायला नको. पण डोळा पाहण्याइतके ते जवळ येतात खरे.

आतां वहींतल्या त्या ओळीचें काय करावें? पान फाडलें असतें तर कोणास कळलें नसतें. त्यानें तें फाडलें नाहीं. चुकीवर एक रेघ ओढली, खालीं खरें काय तें लिहिलें आणि तारीख तशीच ठेवली. कारण पिसें केव्हां बदललीं याची ती तारीख खरीच होती. ठाण्याच्या खाडीला २०१५ सालीं अभयारण्याचा व २०२२ सालीं रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. निळज्याचें तळें, भोपरची टेकडी, कल्याणास गांधारीजवळचा उल्हास नदीचा कांठ, यांना मात्र असें कांहीं कवच नाहीं. भोंवतीं इमारती उठत आहेत. तेथें कोणता पक्षी कोणत्या दिवशीं होता, हें उद्यां विचारायचें झालें तर अशा वह्यांनाच विचारावें लागेल. आणि खोडलेली वही असली तर चालेल, सारवलेली चालणार नाहीं.

एप्रिल संपतां संपतां कुरवांचे थवे दिसेनासे झाले. मे महिन्यांतल्या एका सकाळीं एकटाच एक कुरव चिखलावर उभा होता. डोकें जवळजवळ पांढरें, पंखांवर तपकिरी डाग, शेपटीच्या टोकास काळा पट्टा. पुस्तक चाळून त्यानें लिहिलें: ‘गेल्या वर्षीं जन्मलेलें पिलूं असावें, यंदा मागें राहिलें.’ आणि पुढें प्रश्नचिन्ह घातलें.