तारेचा खर्च व खोळंब्याचा खर्च

एका कचेरींत २० संगणक एका ओळींत, तीन तीन मीटरांच्या अंतरावर मांडलेले आहेत अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. ते परस्परांस जोडावयाचे आहेत. तर तार किती लागेल?

इथरनेट ही जोडणीची पद्धति झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनीं १९७३ सालीं आरंभिली. तिची पहिली तार जाड, ताठर व महाग होती. पुढें १९८५ मध्यें बारीक तार प्रमाण ठरली. ही तार एका यंत्राकडून दुसऱ्याकडे माळेसारखी ओवीत न्यावयाची. एका माळेची मर्यादा १८५ मीटर व ३० यंत्रें. तेव्हां आपल्या कचेरीस ५७ मीटर तार पुरे.

१९९० मध्यें दुसरी रीत प्रमाण झाली. तींत टेलिफोनच्या तारेसारखी पिळाची तार असून प्रत्येक यंत्राची स्वतंत्र तार हब नांवाच्या पेटीकडे जाते. पेटी ओळीच्या टोंकास ठेविली तर ५७० मीटर, म्हणजे बरोबर दसपट तार लागते! मध्यें ठेविली तरी ३०० लागतेच. शिवाय पेटीची किंमत निराळी. (टोकन रिंग ही तिसरी पद्धति शिस्तीची खरी, पण तिचें कार्डच महाग पडे.) काटकसरी हिशेबनीस माळच पसंत करील, आणि त्याची बेरीज चुकलेली नसते.

पण त्या बेरजेंत खोळंबा धरलेला नसतो. माळेच्या दोन्ही टोंकांस ५० ओहमची रोधक टोपी लागते. झाडतांना केरसुणीचा धक्का लागून एखादा सांधा निखळला कीं, तुटल्या टोंकावरून विद्युत्‌संदेश उलट फिरतात आणि वीसही यंत्रें एकदम मुकीं होतात. दोष कोठें आहे? टोपी मध्यावर लावून पाहावी, कोणता अर्धा भाग जिवंत आहे तें ठरवावें, मग उरलेला पुन्हां निम्मा करावा. १९ तुकड्यांत दोष सांपडेपर्यंत पांच वेळांही असें करावें लागतें. तासभर गेला तर पगार मात्र वीस तासांचा गेला. पेटीच्या रीतींत एक तार तुटली तर एकच यंत्र बंद पडतें, आणि तें कोणतें हें पेटीवरील दिवाच सांगतो. पेटीच बिघडली तर सारेंच थांबतें, हें खरें. परंतु ती बदलावयास फार वेळ लागत नाहीं.

१९९५ मध्यें दसपट वेगाचें प्रमाण आलें, त्यांत बारीक तारेस स्थानच नव्हतें. ज्यांनीं चांगल्या प्रतीची पिळाची तार घातली होती त्यांस पेटी व कार्डें बदलून भागलें. माळ ओवणारांना नवा वेग हवा असल्यास सारी तार भिंतीवरून उपटून काढावी लागली.