बारा मीटरची सळई

एक हिशेब करा. 12 मीटरच्या सळयांमधून 5 मीटरचे दोन आणि साडेतीन मीटरचे चार तुकडे हवेत. मोठे आधी कापले तर तीन सळया लागतात. प्रत्येक सळईतून एक मोठा, दोन लहान कापले तर दोनच; भंगार शून्य.

एका स्लॅबला असे शेकडो तुकडे लागतात. आयआयटी मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकरांनी रिचर्ड कार्प यांच्यासोबत 1982 साली याच जातीच्या कोड्यावर शोधनिबंध लिहिला. आज गुगलची ‘ओआर-टूल्स’ लायब्ररी मोफत मिळते, आणि अपाचे परवान्यामुळे तिचा कोड बदलताही येतो. आपण अटी लिहायच्या, उत्तर ती शोधते. ‘दोन रोबोट-हात एका वेळी एका जागी नकोत’ हीसुद्धा अटच.

नाशिकमधल्या एका साइटसाठी मी असा प्रोग्रॅम लिहिला. सळया बांधणारे चाचा कागद पाहून म्हणाले, “बेटा, दीड मीटरचा तुकडा भंगार नसतो. वरची जाळी उचलून धरायला त्याच्या चेअर होतात. वीतभर उरला तर भंगार.” माझ्या प्रोग्रॅमला दोन्ही सारखेच होते.

मी लायब्ररीवर तो नियम चढवला आणि कोड खुला ठेवला.

आपल्या घरांत फिटर, वेल्डर, गवंडी आहेत. आज घरी गेल्यावर अब्बांना, मामूंना विचारा, “तुमच्या कामात काय चालत नाही?” ते सांगतील, ती तुमची पहिली अट.