परवाना कोणाचा?
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. लोणची-पापडांवर बोलायचे असते तर गोष्ट वेगळी. पण हल्ली आपल्या आळीत कोणाचा मुलगा, कोणाचा जावई कंपनीतर्फे परदेशी निघालेला असतो. आपण पेढे वाटतो, मेतकूट-चटण्या बांधून देतो. पण तो कोणत्या कागदावर जातो आहे, हे विचारायचे आपल्याला सुचत नाही. आम्हालाही सुचले नव्हते. म्हणून आज त्या कागदाविषयीच बोलते.

माझा धाकटा भाऊ पुण्याला एका कंपनीत संगणकाचे काम करीत असे. २०२२ साली कंपनीने त्याची बदली आपल्याच अमेरिकेतल्या शाखेत केली. भावजय शाळेत शिक्षिका होती, दहा वर्षांची नोकरी. तिने राजीनामा दिला. "आता कशाला हवी इथली नोकरी?" असे आम्ही सगळ्यांनीच तिला सांगितले. त्यात मीही होते, हे कबूल केले पाहिजे.

भावाच्या परवान्याला एल-वन म्हणतात. अमेरिकेत तो १९७० सालापासून आहे. ज्या कंपनीच्या शाखा इथेही आहेत आणि तिथेही आहेत, तिला आपला माणूस या परवान्यावर तिकडे नेता येतो. अट अशी, की आधीच्या तीन वर्षांत निदान एक वर्ष तरी त्याने कंपनीच्या परदेशातल्या शाखेत सलग काम केलेले असावे. वरच्या अधिकाऱ्याला सारे मिळून सात वर्षे राहता येते, आणि कंपनीच्या कामाची खास माहिती असलेल्याला पाच. दुसरा एक परवाना आहे, त्याला एच-वन-बी म्हणतात. त्याची दरसालची संख्या ठरलेली असते आणि अर्ज जास्त आले की सोडत काढतात. एल-वनला ती सोडत नाही, म्हणून कंपन्यांना तो सोयीचा वाटतो.

बायकोच्या दृष्टीनेही तो बरा. एल-वनवाल्याच्या बायकोला नोकरी करण्याची मोकळीक २००२ सालच्या कायद्याने मिळाली. पण त्यासाठी वेगळे कार्ड काढावे लागे आणि त्याची वाट पाहण्यात महिने जात. नोव्हेंबर २०२१ पासून ती कार्डाची सक्ती गेली. त्यामुळे भावजयीला तिथे पोचल्यावर थोड्याच महिन्यांत एका बालवाडीत काम मिळाले. आम्ही म्हटले, पोरीने नशीब काढले!

पण खरी गोम पुढेच आहे. हा परवाना माणसाच्या नावावर असला, तरी तो मागितलेला असतो कंपनीने, आणि टिकतो तिच्या नोकरीवर. कारखान्याच्या वसाहतीतली खोली असते ना, तसेच हे. चाकरी आहे तोवर खोली; चाकरी सुटली की किल्ली परत.

जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने माणसे कमी केली, त्यांत माझा भाऊही होता. नोकरी सुटल्यावर तिथे राहायला फार तर साठ दिवस मिळतात. परवान्याची मुदत त्याआधी संपत असेल तर त्याहूनही कमी. त्या दिवसांत दुसरे काम करता येत नाही. दुसऱ्या कंपनीत तोच एल-वन चालत नाही. तिने नव्याने दुसरा परवाना मागावा लागतो. आणि बायकोचा कागद नवऱ्याच्या कागदाला बांधलेला. भावजयीच्या कामात काही कसूर नव्हती, तरी तिलाही बालवाडी सोडावी लागली. भाड्याच्या घराचा करार मोडला, मोटार पडेल भावाने विकली, मुलांचे शाळेचे वर्ष अर्धे टाकले, आणि सातव्या आठवड्यात चौघे परत आली. इथल्या शाळेत तिच्या जागी कधीच दुसरी बाई आली होती. भावाला वर्षाच्या आत काम मिळाले. भावजय अजून घरी शिकवण्या घेते. ती कधी कोणाला बोल लावीत नाही, पण मला माझेच शब्द आठवतात.

गेल्या वर्षी माझ्या पुतणीला अमेरिकेतले स्थळ आले. बैठकीत मी मुलाच्या आईला विचारले, "एल की एच?" घरचे माझ्याकडे पाहतच राहिले! मुलगा एच-वन-बीवर होता. त्या परवान्यावर बायकोला शिकता येते, पण नोकरी सहसा करता येत नाही. नवऱ्याचे कायम वास्तव्याचे काम ठराविक टप्प्याला पोचले, तरच तिला परवानगी मागता येते; ही सोयही २०१५ सालची. पुतणीने शांतपणे विचार केला, तिथे पुढे शिकायचे ठरवले आणि मगच होकार दिला. लग्न थाटात झाले. विचारल्याने काही मोडत नाही, भगिनींनो.

देश बदलला की नियमही बदलतात. इंग्लंडमध्ये कंपनीच्या बदलीवर गेलेल्याच्या बायकोला नोकरी करता येते, पण त्या परवान्यावर काढलेली वर्षे तिथल्या कायम वास्तव्यासाठी सहसा धरीत नाहीत. अमेरिकेच्या हिशेबाने इंग्लंडला निघून चालणार नाही.

तेव्हा सामान बांधण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. परवाना कोणता आणि किती वर्षांचा? बायकोला काम करता येते का? नोकरी सुटली तर किती दिवस मिळतात, आणि परतीचा खर्च कंपनी देते का? चौथी गोष्ट आपल्या हातातली: इथल्या नोकरीचा राजीनामा देण्याआधी बिनपगारी रजा मिळते का, ते पाहावे. भावजयीने ती मागितलीच नाही, कारण कोणी तिला तसे सुचवले नाही.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भावाचे इंग्रजी कागद त्याच्याकडूनच एकेक शब्द विचारून मी समजून घेतले. मला जमले ते तुम्हाला का जमू नये? परदेशी जाणाऱ्यांना पेढे जरूर द्या. पण त्याआधी कागद वाचून दाखवायला सांगा.